आखरावरचं शेण

"साहेब, गायी सुटल्या नाई," गणपत दारातूनच ओरडला. "साऱ्या गावात एकबी नाई. अन् लोकं तुमालेच शिव्या देऊन राह्यले."

मी दाढी करत होतो. एका गालावर साबण तसाच होता. बाहेर कान दिला तर खरंच, घरोघरच्या गोठ्यांतून हंबरण्याचा आवाज येत होता. एरवी या वेळेला गाव शांत असायचं, कारण जनावरं रानात गेलेली असायची.

"मला शिव्या का?"

"शेणापायी."

मी वस्तरा खाली ठेवला. उरलेली दाढी संध्याकाळी झाली.

तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. मी शेतकी खात्यात ॲग्रिकल्चरल असिस्टंट होतो. वय चोवीस, नागपूरच्या कॉलेजची डिग्री ताजी आणि अक्कल त्या मानाने थोडी कोवळी. गणपत माझा कामदार. कामदार म्हणजे खात्याचा शेतावरचा माणूस, जो साहेबाने सांगितलेलं प्रत्यक्षात करतो आणि बिघडलं तर साहेबासोबत बोलणी खातो. मी वर्ध्याकडचा. गणपत दुरून आलेला, पण इथे राहून राहून त्याने इथली बोली उचलली होती. इथल्या रीतीभाती मात्र त्याने उचलल्या नव्हत्या, आणि मी तर मुळीच नाही. चांद्याहून सायकलने दोन तासांवर पिपरबोडी नावाचं धानाचं गाव होतं. तिथल्या शाळेच्या मागच्या खोलीत आमचा मुक्काम होता.

मुक्काम होता तो बुधाजीच्या सहा बांध्यांसाठी. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. गावाच्या वरच्या अंगाला कोळशाची एक खाण होती. ती पुढे बंद झाली, म्हणून नाव घेत नाही. खाणीतलं पाणी पंपाने उपसून बाहेर सोडत आणि ते उताराने थेट बुधाजीच्या बांध्यांत उतरे. तीन वर्षं हे चाललं. मग अर्जफाटे झाले, खाणीने नाली वळवली आणि पाणी बंद झालं. पण बांध्या बिघडल्या त्या बिघडल्याच. चिखलावर तांबडी साय धरायची, धानाची मुळं गंजलेल्या तारेसारखी निघायची आणि रोप वीतभर होऊन बसून जायचं.

बुधाजी पन्नाशीचा, हडकुळा, बोलायला मऊ. त्याला शेत एवढंच. शेजारच्या गावचा एक वीटभट्टीवाला त्याच्या मागे लागला होता. बांध्यांतली कमरेइतकी माती त्याला विटांसाठी हवी होती. एकदा वरची माती गेली की खाली मुरूम, आणि मुरमावर धान होत नाही. म्हणजे शेत कायमचं गेलं.

माझी त्या गावातली सुरुवातच वाईट झाली होती. आदल्या आषाढात मी मोठ्या ऐटीत अमोनियम सल्फेटचं पोतं घेऊन आलो. पांढरंशुभ्र, साखरेसारखं खत. लोक त्याला 'सरकारी साखर' म्हणत. ती मी बुधाजीच्या बांध्यांत मूठमूठ फेकवली. पंधरा दिवस धान असं हिरवंगार झालं की मी चांद्याला रिपोर्टही पाठवून दिला. नंतरच्या पंधरा दिवसांत ते करपलं. तो रिपोर्ट परत कसा मागवायचा हे खात्याच्या कुठल्याच नियमात नव्हतं.

आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर बुधाजीच्या मातीचा प्रयोगशाळेतून आलेला कागद होता.

"वाचा."

"ॲसिडिक आहे, सर."

"किती?"

"भरपूर."

"आणि तुम्ही त्यात काय घातलंत?"

कोळशाच्या दगडात गंधक असतं. त्यातून झिरपलेलं पाणी आंबट होतं आणि माती आंबवतं. अमोनियम सल्फेटमधला नायट्रोजन पिकाने खाल्ला की मागे जे उरतं तेही आंबटच. म्हणजे आधीच आंबलेल्या मातीत मी आणखी चिंच पिळली होती.

"कॉलेजात शिकवलं होतं ना हे?"

"हो सर. थर्ड इयरला."

"मग चांद्याला येताना ते वर्ष नागपूरलाच ठेवलंत वाटतं," साहेब म्हणाले. मग जरा नरमले. "हे बघा, खत वाईट नाही. पण ताप असलेल्या माणसाला पुरणपोळी वाढत नाहीत. आधी चुन्याने आंबटपणा मोडा. कंपोस्टने मातीला पोट द्या. मग तुमचं पोतं द्या, तेही बेताने."

गावी येऊन मी हे बुधाजीला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"बाबू, मी वीटवाल्याले यंदाच हो म्हणनार होतो," तो म्हणाला. "तुमी म्हनता त येक साल थांबतो. पन येकच. पुढच्या कापनीले धान नाई झालं, त माती त्याची."

हे शब्द त्याने रागाने काढले असते तर बरं झालं असतं. त्याने ते इतक्या समजुतीने काढले की मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

म्हणून मी जोरात कामाला लागलो. शेताच्या कडेला तीन खड्डे खणले. तणस म्हणजे धानाचा पेंढा, पळसाचा पाला, तरोट्याची वाळकी झुडपं असा सगळा कचरा गोळा केला. कंपोस्टचं तंत्र सोपं आहे. कचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती नि राख, पुन्हा कचरा. शेणामुळे कचरा कुजायला लागतो. दह्याला विरजण लागतं, तसं खड्ड्याला शेण लागतं. बुधाजीकडे एक बैलजोडी आणि एक भाकड गाय. तेवढ्या शेणात एक खड्डाही भागत नव्हता.

मग मला आखर दिसला. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. सकाळी घरोघरची जनावरं तिथे येऊन थांबतात आणि गोवारी, म्हणजे गावाचा गुराखी, त्यांना रानात नेतो. शंभरेक जनावरं तासभर उभी राहिली की जमिनीवर काय पडतं ते सांगायला नको. मी गणपतला म्हटलं, "अरे, सोनं पडलंय तिथे! उद्या गुरं हलली की गाडी लाव." दोन सकाळी त्याने बंडी भरून शेण आणलं. मी खूश. आमच्या गावाकडे आखरावरचं शेण ज्याच्या टोपल्यात पडेल त्याचं.

पिपरबोडीत तसं नव्हतं. तिथे आखरावरच्या शेणावर गोवाऱ्याच्या बायकोचा हक्क. त्याच्या मजुरीतलाच तो भाग. ती त्याच्या शेण्या थापणार, म्हणजे गोवऱ्या, आणि विकणार. पाटलाची सूनसुद्धा त्याला हात लावत नसे. गोवारी सोमा, त्याची बायको फुलाबाई. फुलाबाई पहिल्या दिवशी टोपलं घेऊन आली, तिला आखर झाडल्यासारखा साफ दिसला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. रिकामं टोपलं घेऊन ती घरी गेली आणि नवऱ्याला म्हणाली की उद्यापासून काठी खुंटीला टांग.

दिवस कापणीचे. ज्याने त्याने आपापली गुरं चारायची म्हटली तर धान कापायला कोण जाणार? गुरं मोकळी सोडावीत तर उभ्या धानात शिरणार, नाहीतर जंगलात वाघाच्या तोंडी जाणार. मी शाळेबाहेर आलो तेव्हा समोर दहाबारा माणसं उभी होती. एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं.

"फुलाबाईले मनवा," एक म्हातारा म्हणाला. "आमाले दुसरं काई नाई मालूम."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत मला?"

"तुमी कुठी इचारलं? सरकारी मानूस. आमाले वाटलं, शेनाचाबी कायदा आला असन."

फुलाबाईचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात शेण्यांचा मोठा ढीग रचलेला. ती उंचीने बुटकी, आवाजाने खणखणीत. मला पाहून तिने खाट टाकली नाही, उभंच ठेवलं. सोमा कोपऱ्यात बसून तंबाखू मळत होता आणि आपण या भानगडीत नाही असा चेहरा करून होता.

"बाई, चूक झाली," मी म्हणालो. "मला रीत माहीत नव्हती."

"दोन बंड्या."

"हो, दोन बंड्या."

"त्या वापस करा."

आता आली पंचाईत. शेणाचा काला करून तो खड्ड्यात थरावर ओतला होता. ते परत कसं करणार? मी तिला सगळं सांगत सुटलो. आंबट माती, चुना, विरजण, नायट्रोजन. नायट्रोजनपाशी तिने हात वर केला.

"बुधाजीच्या वावरासाठीच हाय न हे?"

"हो. त्याचं शेत गेलं तर वीटभट्टी होईल तिथे."

बुधाजी गावात कुणाचा वैरी नव्हता, हे माझं नशीब.

"बाबू, बुधाजीचं भलं हो. पन मी शेन्या इकते, त्याच्यावर मायं मीठमिरची चालते. शेन तुमच्या गड्ड्यात गेलं त मी काय थापू? माती?"

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. तिला जळण विकायचं होतं, मला शेण हवं होतं, आणि शेण एकाच वेळी चुलीत आणि शेतात जाऊ शकत नाही. मी मान खाली घालून सायकलवर परत निघालो. वाटेत खाणीची धुराडी दिसली आणि मी रस्त्यातच सायकलवरून उतरलो. जळण! जळणाच्या डोंगराशेजारी उभा राहून मी शेणासाठी भांडत होतो.

खाणीच्या मॅनेजरसाहेबांना मी तसाच अर्ध्या दाढीने भेटलो. खाणीवर कोळशाची चुरी निघते, म्हणजे भुकटी आणि बारके तुकडे. तिला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिचे ढीग पडून होते.

"साहेब, ती चुरी द्याल का? बंडीने नेऊ."

"कृषि विभाग को कोयला क्यों चाहिए?"

"गोबर के बदले में देना है."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, यावेळी नायट्रोजन वगळून. ऐकता ऐकता ते हसायला लागले.

"ले जाओ भाई, जितना उठा सको. गर्मी में ये ढेर अपने आप सुलगता है, मेरा सिर खाता है. सिर्फ एक दरखास्त लिख दो."

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. 'गोवाऱ्याच्या कुटुंबास जळणासाठी कोळशाची चुरी मिळण्याबाबत.' नोकरीत मी पुढे पुष्कळ अर्ज लिहिले, पण इतक्या लवकर मंजूर झालेला तो एकच.

फुलाबाईने चुरीची पहिली बंडी पाहून नाक मुरडलं. नुसती चुरी चुलीत टाकली तर पेटेना, धूर मात्र घरभर. मी म्हटलं, संपलं. पण ती चिकाटीची. दोन दिवस तिने अंगणात काय काय मिसळून पाहिलं. चिखल, धानाचा कोंडा, थोडं शेण. शेवटी तिचे गोळे जमले. वाळवून पेटवले की तासभर धगधगत. पुढे ते शेण्यांपेक्षा जास्त विकले जाऊ लागले, कारण लग्नाच्या स्वयंपाकाला तेच बरे पडत. शेण जवळजवळ सगळं उरलं.

पण ते तिने मला असंच दिलं नाही. सोमाने काठी उचलण्याआधी तिने आखरावर चार माणसांसमोर अट घातली.

"शेन मायंच राह्यन. गड्ड्यात मीच टाकीन. अन् मले इचारल्याबगर गड्डा कोनी उघडाचा नाई. तुमीबी नाई."

"मी खात्याचा माणूस आहे, बाई. मला तपासावा लागेल."

"मंग इचारून तपासा."

लोक हसले. मीही हसलो. गायी सुटल्या. त्या दिवसापासून कंपोस्टचं डिपार्टमेंट माझ्या हातून गेलं.

आणि खरं सांगतो, बरंच झालं. खड्डा तापला की नाही हे पाहायला मी थर्मामीटर खुपसायचो. फुलाबाई कोपरापर्यंत हात घालायची आणि सांगायची, "आज पानी मांगते." पाणी शिंपडलं की खड्डा पुन्हा तापायचा. खड्डा कधी पालथा घालायचा तेही तीच ठरवी. एकदा तर तिने मोठं नुकसान वाचवलं. उन्हाळ्यात मी चांद्याहून चुनाभट्टीवाल्या रहीमभाईंकडून चुन्याची पोती आणली होती. रहीमभाईंनी विचारलं होतं, "बाबूजी, चुना पान को लगाना है, दीवार को, या किसान को?" मी म्हणालो, "खेत को." ते म्हणाले, "ये अच्छा किया, किसान को तो सब लगाते हैं." ती पोती शेतात उतरवली आणि मी जेवायला गेलो. बुधाजीला उत्साह आला. चुना चांगला, कंपोस्ट चांगलं, मग दोन्ही एकत्र आणखी चांगलं, असं म्हणून त्याने टोपलंभर चुना खड्ड्यात टाकला.

मी परत आलो तेव्हा फुलाबाई खड्ड्यापाशी उभी राहून बुधाजीला असं काही झापत होती की तो धुऱ्यामागे लपायच्या बेतात होता. खड्ड्यातून झणझणीत वास सुटला होता, डोळ्यांना पाणी येत होतं.

"याचा जीव उडून चालला न, बापा!" ती म्हणाली.

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. तो वास अमोनियाचा. शेणातला नायट्रोजन हवेत निघून जात होता. म्हणून चुना आधी शेतात द्यायचा, कंपोस्ट महिन्याभराने, आणि दोघांची खड्ड्यात गाठ घालायची नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण बुधाजीला सांगायचं राहून गेलं होतं. आम्ही चुना पडलेला थर काढून फेकला आणि खड्डा लिंपून घेतला.

रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधी मोठे साहेब आले. सहाही बांध्यांत चुना झाला होता. साहेबांचं म्हणणं, प्रयोग नीट व्हायचा तर दोन बांध्यांना नुसतं पोत्यातलं खत, दोनांना नुसतं कंपोस्ट, दोनांना दोन्ही. ते खत म्हणजे चिखलात सुपरफॉस्फेट आणि रोवणीनंतर महिन्याने थोडं अमोनियम सल्फेट. मी म्हणालो, "सर, तुमचा प्रयोग आहे, त्याचं शेत आहे. चार बांध्यांना दोन्ही देऊ. बाकीच्या दोन छोट्या घ्या प्रयोगाला, एकीला नुसतं पोतं, एकीला नुसतं कंपोस्ट."

"रिपोर्ट लंगडा होईल."

"माझा एक रिपोर्ट आधीच धडधाकट गेला होता, सर."

साहेब दोन्ही छोट्या बांध्यांना एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "ठीक. चार."

त्या पावसाळ्यात मी बांध्यांच्या इतक्या फेऱ्या मारल्या की धुऱ्यावर पायवाट पडली. पंधरा दिवस झाले, धान हिरवं. यावेळी मी रिपोर्ट पाठवला नाही. तीस दिवस झाले, हिरवंच. बुधाजीने एक रोप उपटून दाखवलं. मुळं पांढरी होती. मग त्याने ते रोप पुन्हा जागेवर नीट रोवलं. मला मात्र गहिवरून आलं, आणि ते लपवायला मी गणपतवर उगाच ओरडलो.

कापणीला निकाल सगळ्या गावाने पाहिला. नुसत्या पोत्याच्या बांधीतलं धान बुधाजीची बायको एकटी डोक्यावर घेऊन आली. नुसत्या कंपोस्टच्या बांधीला दोन बाया लागल्या. दोन्ही दिलेल्या चार बांध्यांना बंडी लावावी लागली, आणि तिलाही दुसरी खेप करावी लागली. खळ्यावर रास पडली तेव्हा वीटभट्टीवाला आला. माप घ्यायला दोरी घेऊनच आला होता.

"मंग, बुधाजी? बोली झाली होती आपली."

"झाली होती," बुधाजी म्हणाला. "धान नाई झालं त माती तुमची. आता धान झालं." मग राशीकडे हात केला. "माती इकाची नाई, शेटजी. आलेच त पसाभर धान घेऊन जा, नवं हाय."

शेटजी दोरी गुंडाळत गेला. धानही घेतलं त्याने, तेवढा तो व्यवहारी होता.

पुढच्या वर्षी गावातून अर्ज आले. सगळे पोत्यासाठी. खड्ड्यासाठी एकही नाही. पोतं फेकायला एक सकाळ लागते, खड्ड्याला सहा महिने लागतात आणि पाठीचा काटा ढिला होतो. मी प्रत्येक अर्जाखाली लाल शाईने शर्त लिहिली: आधी खड्डा, मग पोतं. लोकांनी कुरकुर केली आणि खड्डे खणले. खड्डा पिकला की नाही हे मी ठरवत नसे. फुलाबाई हात घालून बघायची, नाक मुरडायची किंवा मान हलवायची, आणि मग मी सही करायचो. साहेबांनी एकदा विचारलं, "इन्स्पेक्शन कोण करतं?" मी म्हणालो, "स्थानिक तज्ज्ञ." त्यांनी पुढे विचारलं नाही.

नंतर माझ्या बदल्या झाल्या, गडचिरोली, अहेरी, कुठे कुठे. नव्या गावात गेलो की लोक आधी जमीन दाखवायला नेत. मी म्हणे, जमीन मागाहून बघू. आधी सांगा, या गावात शेण कोणाचं?